नांगराचा बोया

होडीच्या नांगराला दोराने जोडलेला तरंगता गोळा किंवा घट्ट बुचाचा रिकामा कॅन. नांगर तळाशी कुठे आहे हे त्यावरून कळते. पण मासेमारीत त्याचा खरा उपयोग अडकलेला नांगर सोडवायला होतो.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न धरणांच्या पाण्यात येतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर, दौंडकडची गावे गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. एरवी असे दगडी बांधकाम पाण्याखालीच असते. नांगराचा आकडा अशा चिऱ्यांत गुंतला की होडीतून जितके ओढावे तितका तो घट्ट बसतो, कारण ओढ दांड्याच्या दिशेनेच पडते. म्हणून आकडे जिथे दांड्याला मिळतात त्या बुडाशी दुसरा, बारीक दोर बांधून त्याचे टोक बोयाला देतात. बोया उचलून सरळ वर ओढले की नांगर उलटा होऊन आल्या वाटेने निघतो.

हा दोर पाण्याच्या खोलीपेक्षा थोडाच जास्त हवा. ढिला राहिला तर पृष्ठभागावर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात जातो. बोयाच्या थोडे खाली लहानसे वजन बांधले तर तो ताठ राहतो. उलट होडी रात्रभर उभी असताना दौंडकडून विसर्ग वाढला, तर आखूड दोराचा बोया सकाळी दिसतच नाही. मुख्य दोराचे गणित वेगळे: तो खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो.

मोठा मासा गळाला लागून गळाची दोरी ओढत निघाला, तर नांगर काढत बसायला वेळ नसतो. अशा वेळी मुख्य दोराचे टोक बोयासकट पाण्यात सोडतात आणि मासा होडीत आल्यावर त्याच जागी परततात. मात्र बोयाने लोंबता दोर आणि साखळी पेलली पाहिजे. एक लिटर पोकळी साधारण एक किलो भार उचलते. लोखंडाचे वजन पाण्यात जेमतेम एक अष्टमांशाने घटते, त्यामुळे नांगर बोयाखाली लटकवायचा असेल तर पाण्याच्या बाटल्यांनी भागत नाही.

समुद्रावर नांगर वर आणायलाही बोया वापरतात. बोयाचे कडे दोरात ओवून होडी तिरकी पुढे नेतात. बोया पाण्याला अडतो, दोर कड्यातून सरकतो आणि नांगर वर येतो. साखळी कड्यापलीकडे गेली की तिच्या भाराने तो खाली घसरत नाही. याला दमदार इंजिन लागते, वल्ह्याच्या होडीला ते जमणारे नाही. नांगराचा दोर नेहमी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा. मागच्या बाजूला बांधून अडकलेला नांगर इंजिनाच्या जोरावर ओढला, तर होडीचा मागचा काठ दबून पाणी आत येते. तसे दिसले तर दोर कापावा, त्यासाठी सुरी हाताशी ठेवावी.