'संदर्भ हवा'ची पार्श्वभूमी: ठाणे-बेलापूर पट्ट्यातून

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांविषयी विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्या स्थानिक अभ्यासकांची तक्रार ठरलेली आहे. गावदेवीची जत्रा, भरावाखाली गेलेली मिठागरं, खाडीतली जुनी वाहतूक यांवर लिहिलेला मजकूर उडवला जातो, नाहीतर त्याच्यापुढे 'संदर्भ हवा'ची पाटी लागते. उडवणारा टोपणनावाने वावरतो. त्याने ती खाडी कधी पाहिली आहे का, हे कळायला मार्ग नसतो.

तज्ज्ञांनी लिहिलेले कोश मराठीला नवे नाहीत. विकिपीडियाच्या आधीचा, 2000 सालचा इंग्रजी प्रयोगही तज्ज्ञांचाच होता. तिथे लेखाची सात टप्प्यांत तपासणी व्हायची आणि वर्षभरात जेमतेम 20च्या आसपास लेख पुरे झाले. म्हणून जानेवारी 2001मध्ये विकिपीडिया काढून लिहिण्याचं दार सगळ्यांना उघडलं. मराठी आवृत्ती 2003ची.

जाणकाराचा शब्द मानायचा की छापील आधारच, या आजच्या भांडणाला खरं वळण मिळालं ते 2007मध्ये. इंग्रजी आवृत्तीतला एक वजनदार प्रचालक, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्य, स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवत असे आणि वादात आपल्या पदव्यांचा दाखला देत असे. प्रत्यक्षात तो 24 वर्षांचा, पदवी नसलेला तरुण निघाला. मग, पदवी सांगणाऱ्याने ती तपासून घ्यावी, असा प्रस्ताव आला. त्यावर बराच खल झाला, पण प्रस्ताव मंजूर झाला नाही. कोण सांगतो हे पाहायचं नाही, छापील आधार काय ते पाहायचं, हाच जुना दंडक कायम राहिला. त्यात तथ्य होतं, कारण खोट्या प्राध्यापकाला या दंडकाने वेसण बसते. पण खऱ्या जाणकाराचा शब्दही त्याच तराजूत हलका ठरतो. 2012मध्ये एका नामांकित अमेरिकन कादंबरीकाराला स्वतःच्याच कादंबरीचं मूळ सांगायला दुय्यम, म्हणजे दुसरीकडे छापून आलेला, संदर्भ मागितला गेला. त्याने एका साप्ताहिकातर्फे जाहीर पत्र प्रसिद्ध केलं, तेव्हा ते पत्र संदर्भ म्हणून चाललं!

आपल्याकडे या दंडकाचा परिणाम विचित्र होतो. 1882च्या ठाणे गॅझेटियरमध्ये साहेबाने ऐकीव माहितीवर लिहिलेली ओळ ग्राह्य, पण त्याच गावातल्या आजीने सांगितलेलं अग्राह्य. नवी मुंबईसाठी 1970पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. तिथल्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत, बांध घालून भात पिकवणाऱ्या आगरी कुटुंबांचं ज्ञान बहुतेक तोंडीच होतं. बांधातली उघाडी घ्या. भरतीचं पाणी दाबलं की ती झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ती कुणी बसवायची, फुटली तर रात्री कुणी धावायचं, हे गावाला पाठ असायचं. छापायची गरज कुणाला पडली होती?

तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून तिचाच संदर्भ द्यावा, असा प्रयोग 2011मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत झाला. त्यात मल्याळम आणि हिंदी विकिपीडिया होते. सर्वसाधारण नियम मात्र बदलला नाही.

प्रचालकांची बाजूही आहे. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं, तीही विनामोबदला, 'जनतेचे लाडके' नगरसेवक आणि 'सुप्रसिद्ध' बिल्डर रोज खोडत बसतात. त्या झाडूखाली आजीची उघाडीही जाते. शिवाय खारघर नवी मुंबईत की पनवेलमध्ये, हा वाद आहेच. नियोजनाच्या नकाशात ते नवी मुंबईत, 2016पासून महापालिका मात्र पनवेलची. दोन्ही बाजूंकडे छापील पुरावा असल्यामुळे ओळ सारखी उलटवली जाते.

यावर उपाय म्हणून काही जण गावाची स्मरणिका छापतात आणि मग तिचा संदर्भ देतात. स्वखर्चाने छापलेली पुस्तिका विश्वसनीय मानायची का, यावर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चापानावर, पुन्हा तेच दोन गट पडतात.