जिवाणूंची नक्षी: आपोआप किती, मांडलेली किती

सिंथेटिक बायोलॉजीवरच्या, म्हणजे पेशींमध्ये नवी जनुकरचना बसवण्याच्या शास्त्रावरच्या भाषणात एक चित्र हमखास येतं: ई. कोलाय या जिवाणूच्या थरावर उमटलेली हिरवी-लाल वर्तुळं. ते २००५ सालचं. बशीच्या मध्यभागी 'प्रेषक' जिवाणूंची चकती ठेवलेली असते. ते एएचएल हा छोटा रेणू सोडतात आणि तो लांब जाईल तसा विरळ होतो. भोवतालच्या 'ग्राहक' जिवाणूंचं सर्किट, म्हणजे त्यांच्यात बसवलेली जनुकांची जोडणी, या रेणूच्या मधल्या प्रमाणालाच दाद देतं. फार दाट किंवा फार विरळ झालं की प्रकाशप्रथिन बनत नाही. वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे दोन ग्राहक मिसळले की दोन रंगांची वलयं दिसतात. चकत्या वेगळ्या मांडून हृदयाचा आकारही काढून दाखवला होता.

ही नक्षी पेशींनी स्वतः घडवली असं म्हणायचं का, हा वाद इथेच आहे. चकत्या हलवून आकार बदलत असेल, तर नक्षी ठरवतंय कोण? या प्रयोगाची बाजू घेणारे म्हणतात की फळमाशीच्या अंड्यातही मादी एका टोकाला आधीच आरएनए ठेवते, आणि त्या गर्भाच्या रचनेला कुणी कृत्रिम म्हणत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की पेशी दिलेला नकाशा वाचू शकतात. नकाशा काढणं वेगळं. नक्षी आपोआप कशी उपजते याबद्दल गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगने १९५२ साली मांडलेल्या गणिती प्रस्तावाची अट कडक होती: सुरुवात एकसारख्या मिश्रणातून व्हावी आणि किरकोळ चढउतार वाढत जाऊन ठिपके-पट्टे उपजावेत. त्यासाठी उत्तेजक रेणू हळू आणि अवरोधक रेणू बराच वेगाने पसरावा लागतो.

या कसोटीवर २०११ चा प्रयोग जास्त वजनदार आहे, जरी त्याचं कौतुक कमी झालं. त्यात जिवाणूंचं पोहणं गर्दीशी जोडलं होतं: दाटी वाढली की पोहण्यासाठी लागणारं चेझेड जनुक दबतं आणि पेशी एका दिशेने पुढे जाऊ शकत नाही. थेंब मध्यभागीच टाकला होता, हे खरं. पण वसाहत पसरत गेली तशी दाट-विरळ वलयं एकामागून एक उठत गेली, आणि त्यांच्या जागा कुणी आखल्या नव्हत्या. नव्वदच्या दशकात जनुकांना हात न लावताही ई. कोलायने ठिपक्यांच्या नक्ष्या केल्या होत्या. तिथे पेशी स्वतःच ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल सोडून एकमेकींना ओढत होत्या.

२०१८ मध्ये मूळ प्रस्तावाच्या जवळ जाणारा दावा आला. दोन संकेतरेणू, एक उत्तेजक आणि एक अवरोधक, आणि जिवाणूंच्या एकसारख्या थरात लाल-हिरवे ठिपके. ठिपके मात्र अनियमित होते. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की जनुक-अभिव्यक्तीतल्या गोंगाटामुळे, म्हणजे जनुकांपासून प्रथिनं बनण्यातल्या यादृच्छिक चढउतारांमुळे, पसरण्याच्या वेगातल्या मोठ्या फरकाची अट सैल होते. मग याला ट्यूरिंग नमुना म्हणायचं की नाही, हे कसोटी किती सैल करू द्यायची यावर ठरतं. मूळची अडचण रेणूंची आहे: जिवाणूंचे बहुतेक संकेतरेणू छोटे आणि आकाराने जवळपास सारखे, त्यामुळे त्यांचे वेगही जवळपास सारखेच. पेशींची हालचाल किंवा वाढ वापरणाऱ्या रचनांना ही अडचण येत नाही.