मॅशेटी आणि तिचे म्यान

मॅशेटी : झुडपे तोडण्यासाठी, पिकातले तण छाटण्यासाठी आणि दाट रानातून वाट काढण्यासाठी एका हाताने चालवायचे लांब, रुंद व पातळ पात्याचे हत्यार. मध्य व दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि आफ्रिकेचा उष्ण प्रदेश येथे ते शेतकऱ्याचे रोजचे अवजार आहे. रानात मोजक्या साधनांवर मुक्काम करण्याची जी विद्या आज बुशक्राफ्ट या नावाने ओळखली जाते, तिच्यात उष्ण प्रदेशापुरते मॅशेटीने कुऱ्हाडीचे स्थान घेतले आहे. पात्याची लांबी सामान्यतः 30 ते 60 सेंमी. आणि जाडी 2 ते 3 मिमी. असते. वर्णनांमध्ये म्यानाचा उल्लेख बहुधा शेवटी, एखाद्या ओळीत येतो. वापराच्या दृष्टीने मात्र पाते आणि म्यान यांची निवड एकत्रच करावी लागते, कारण दिवसाचा बराच वेळ हे हत्यार हातात नसून अंगावर असते.

उगम : मॅशेटीच्या उगमाविषयी मुख्यतः तीन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार ती स्पॅनिश खलाशी व सैनिक यांच्या आखूड तलवारीपासून निघाली आणि नव्या वसाहतींत शेतीच्या कामाला लागली. दुसरे मत तिचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पातील शेतकऱ्यांच्या झुडपे तोडण्याच्या जड सुऱ्यांत शोधते. तिसरे मत कॅरिबियन मूळ रहिवाशांच्या ‘माकाना’ या लाकडी शस्त्राशी तिचा संबंध जोडते. तिसऱ्या मताला घडणीचा आधार कमी आहे, कारण माकाना हे लाकडी शस्त्र असून ते मुख्यतः प्रहारासाठी होते. पहिल्या दोन मतांपैकी दुसरे अधिक सयुक्तिक वाटते. मॅशेटीच्या मुठीपुढे हात वाचवणारी आडवी पट्टी नसते, पात्याच्याच पोलादाची शेपटी मुठीत शेवटपर्यंत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा रिव्हेटने (आरपार ठोकून दोन्हीकडे चपट्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी) बसवलेल्या असतात. ही सारी लक्षणे तलवारीपेक्षा शेतकरी सुरीची आहेत. तरीही दोन्ही प्रवाह वसाहतींत एकमेकांत मिसळले असणे शक्य आहे. पश्चिम आफ्रिकेत लोहारकामाची जुनी परंपरा होती, आणि तेथून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या हातीच मळ्यांवर हे अवजार प्रामुख्याने राहिले. त्यामुळे ते चालवण्याच्या पद्धतीवर या लोकांचा ठसा उमटला असावा, असा तर्क करता येतो. मलय जगातील पारांग व गोलोक आणि फिलिपिन्समधील बोलो ही हत्यारे दिसायला व कामाला जवळची असली, तरी त्यांची वाढ स्वतंत्रपणे झाली आहे. लाटलेल्या पोलादी पत्र्यातून कापून काढलेले पातळ पाते हे आजच्या मॅशेटीचे मुख्य लक्षण मानले, तर हे रूप 19 व्या शतकाच्या फार मागे नेता येत नाही.

क्यूबातील युद्धे : 10 ऑक्टोबर 1868 रोजी कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस यांनी ला देमाहाग्वा येथील आपल्या ऊसमळ्यावर स्पेनविरुद्ध बंड पुकारले. बंडखोरांजवळ बंदुका थोड्या आणि मॅशेटी पुष्कळ, अशी स्थिती होती. मूळचे डॉमिनिकन असलेले आणि स्पॅनिश सैन्यात काम केलेले माक्सिमो गोमेस यांनी बंडखोरांच्या बाजूने बाइरे गावाजवळ कर्नल देमेत्रिओ किरोस यांच्या स्पॅनिश तुकडीवर वाटेत दबा धरून मॅशेटीने हल्ला केला. या घटनेला क्यूबाच्या इतिहासात मॅशेटीचा पहिला हल्ला म्हणतात. तिची तारीख काही ठिकाणी 26 ऑक्टोबर, तर काही ठिकाणी 4 नोव्हेंबर 1868 अशी दिली जाते. येथे दुसरी तारीख ग्राह्य धरली आहे. तारखेपेक्षा हत्याराचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ऊसतोडीसाठी वापरला जाणारा आखूड, रुंद आणि पाठीला (धारेच्या विरुद्ध कडेला) आकडा असलेला प्रकार वेगळा, आणि युद्धात गाजलेला लांब, जवळजवळ सरळ पात्याचा प्रकार वेगळा. लोकप्रिय वर्णनांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. लांब पाते उघडे ठेवून घोड्यावर बसणे किंवा रात्री चालणे अशक्य असते, म्हणून कातडी म्यान आणि पट्टा हा या दुसऱ्या प्रकाराचा अविभाज्य भाग ठरला.

कारखानदारी : अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे 1826 मध्ये स्थापन झालेल्या कॉलिन्स कंपनीने आरंभी कुऱ्हाडी बनवल्या आणि 19 व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मॅशेटीचे उत्पादन सुरू केले. एकेका प्रदेशाच्या आवडीप्रमाणे वेगळा आकार घडवून त्याला क्रमांक देण्याची तिची पद्धत होती. लॅटिन अमेरिकेच्या अनेक भागांत कोणत्याही चांगल्या मॅशेटीला ‘कॉलिन्स’ म्हणण्याची रीत पडली. कंपनी 1966 मध्ये बंद झाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमची मार्टिनडेल आणि ब्राझीलमध्ये 1911 मध्ये कार्लोस बार्बोझा येथे सुरू झालेली त्रामोंतिना ही या व्यवसायातील इतर प्रमुख नावे होत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 18 इंची (सुमारे 46 सेंमी.) पात्याची मॅशेटी स्वीकारली. तिचे जाड कॅनव्हासचे, कडेने रिव्हेट मारलेले म्यान पुढील काळातील अनेक म्यानांचा नमुना ठरले.

पात्याची निवड : नवख्या माणसाचा कल जाड व जड पात्याकडे असतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. मॅशेटी वेगाने कापते, वजनाने नव्हे. हिरवी वेल, उंच गवत किंवा अंगठ्याएवढा ओला दांडा यांवर 2 मिमी. जाडीचे पाते मनगटाच्या झटक्याने आरपार जाते, तर 4 मिमी.चे पाते तोच दांडा वाकवून बाजूला ढकलते आणि तासाभरात खांदा भरून येतो. याउलट सुक्या, कठीण लाकडात पातळ पाते रुतते व थरथरते. अशा वेळी फांदीवर समोरून घाव न घालता दोन्ही बाजूंनी तिरपे घाव घालून खाच पाडावी लागते. म्हणून पात्याची जाडी रान पाहून ठरवावी. सह्याद्रीतील कारवीच्या रानात पातळ पाते चांगले चालते. साग-ऐनाच्या सुक्या फांद्यांसाठी जाड पाठीचा कोयताच बरा.

लांबीच्या बाबतीत उभ्या माणसाने हात सरळ खाली सोडला असता टोक जमिनीला लागू नये, हा साधा निकष आहे. मोकळ्या माळावर गवत छाटताना 50 ते 60 सेंमी. पात्याने वाकावे लागत नाही, पण झाडांच्या गर्दीत त्याला फिरायला जागा मिळत नाही. मुक्कामाच्या बारीकसारीक कामांसाठी, म्हणजे खुंट्या टोकदार करणे, सरपण फोडणे, बांबू चिरणे यांसाठी 35 ते 45 सेंमी. लांबी सर्वांत सोयीची ठरते.

विकत घेताना पाते डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेत पाहावे, म्हणजे पीळ लगेच दिसतो. नंतर टोक लाकडावर टेकवून पाते किंचित वाकवावे. सोडल्यावर ते पुन्हा सरळ झाले पाहिजे. उत्तम मॅशेटीचे पोलाद चाकूच्या पोलादापेक्षा मुद्दाम थोडे मऊ ठेवलेले असते. दगडावर आदळल्यास त्याची धार तुटत नाही, फक्त दुमडते, आणि रानातच कानशीने ती पुन्हा काढता येते. कारखान्यातून येणारी धार बहुधा अर्धवट असते; ती प्रत्येक बाजूने सुमारे 25 अंशांच्या कोनात घासून घ्यावी आणि मुठीलगतचा चार बोटांचा भाग बोथटच ठेवावा. मुठीच्या चिपांवरून बोट फिरवून रिव्हेट वर आलेले नाहीत ना हे पाहावे, कारण हाताला फोड येतात ते तिथेच. मुठीचे मागचे टोक करंगळीखाली वळलेले असल्यास घामेजल्या हातातून हत्यार निसटत नाही. मनगटात दोरीचा फास अडकवावा की नाही याविषयी जाणत्यांत एकमत नाही. फास असल्यास निसटलेले पाते उलटून वापरणाऱ्याच्याच पायाकडे येते, हा विरोधकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे.

म्यान : चांगल्या म्यानाची परीक्षा धारेच्या बाजूला होते. दोन कातडी नुसती एकमेकांना शिवली तर पाते दर वेळी टाक्यांवर घासते आणि थोड्याच दिवसांत दोरा कापला जातो. म्हणून दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूने कातड्याची तिसरी पट्टी घालतात, तिच्याबाहेर शिवण घेतात आणि तोंडाशी व टोकाशी रिव्हेट मारतात. म्यानाचे तोंड किंचित पसरट असावे व टोकाला पाणी निथळण्यासाठी लहान भोक असावे. हत्यार उपसताना डाव्या हाताने म्यान पात्याच्या पाठीच्या बाजूने धरावे. बोटे धारेच्या बाजूला वळवून धरल्यास, शिवण उसवली असेल तर पाते थेट बोटांवर येते. परत घालताना नजर म्यानाच्या तोंडावर हवी आणि पात्याची पाठ तोंडाच्या कडेला टेकवून मगच टोक आत सोडावे.

कातडे दिसायला देखणे व टिकाऊ असते, पण पावसाळी हवेत ते ओल धरते. ओल्या म्यानात रात्रभर राहिलेल्या साध्या पोलादावर सकाळपर्यंत तांबूस डाग उठतात. कॅनव्हास लवकर वाळतो, मात्र धारेने फाटतो. कडक प्लास्टिकला ओल लागत नाही. त्याचा दोष असा की चालताना ते खडखडते आणि आत अडकलेली वाळू धार बोथट करते. कोणत्याही म्यानात पाते पुसून, तेलाचा पुसट हात फिरवूनच ठेवावे. मुक्काम संपल्यावर दोन्ही वेगवेगळी ठेवावीत.

बाळगण्याच्या पद्धती : 35 सेंमी.पर्यंतचे पाते कमरेच्या पट्ट्याला सरळ लटकते. त्याहून लांब म्यान चालताना गुडघ्यामागे आपटते, म्हणून ते सैल फासात लोंबते ठेवतात किंवा खालचे टोक मांडीला बांधतात. कोलंबियाच्या डोंगराळ भागातील खेचरवाले कातडी म्यान अंगावर बाळगत. त्याला लोंबणाऱ्या कातडी पट्ट्या तेथील कारागिरीचा अभिमानाचा विषय आहेत. पाठपिशवीच्या बाजूला म्यान बांधल्यास मूठ वर ठेवावी आणि हत्यार परत घालताना पिशवी खाली उतरवावी. न पाहता पाठीमागे पाते खुपसण्याचा प्रयत्न करू नये. वाट काढणाऱ्या माणसामागे दुसऱ्याने किमान त्याच्या हाताच्या व पात्याच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवून चालावे.

म्यानाशिवाय हत्यार अंगावर ठेवण्याची वेगळी परंपरा पश्चिम किनाऱ्यावर आहे. कोकणात राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायला निघालेला माणूस कोयता कमरेला मागे बांधलेल्या आकडीत अडकवतो. कोडगूमध्ये ओडिकत्ती हे वाकडे, रुंद पाते पाठीमागच्या ‘तोडंग’ या पितळी पकडीत बसवतात. या पद्धतीत हत्यार एका हाताने क्षणात काढता-घालता येते, मात्र पाते उघडे राहते. सरळ, लांब मॅशेटीला ती मानवत नाही.

कायदा : भारतात शस्त्र नियम, 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात; मात्र केवळ घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे त्याच लांबीचा शेतावरचा कोयता आणि छंदासाठी पाठपिशवीला लावलेली मॅशेटी यांच्याकडे एकाच नजरेने पाहिले जाईलच असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 31 प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. इंग्लंड व वेल्समध्ये 24 सप्टेंबर 2024 पासून ‘झोंबी’ पद्धतीच्या (टोकदार पात्याला शिवाय दाते, काटे किंवा अनेक छिद्रे अशी दिखाऊ घडण असलेल्या) मॅशेटी बाळगण्यावर बंदी असून शेती व बागकामाची साधी मॅशेटी तीत येत नाही.