स्लॅशरमध्ये, म्हणजे एकेकाला मारत सुटणाऱ्या खुन्याच्या भयपटात, कृष्णवर्णीय पात्रच पहिलं मरतं? तसं नाहीये
पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभं राहिलं की कोणीतरी हे सांगतंच, आणि मीही बरीच वर्षं खरं मानत होतो. पण १९७८ चा 'हॅलोविन' घ्या, जेमतेम ३ लाख डॉलरच्या आसपास बनलेला, त्यात पहिला खून गोऱ्या मुलीचा होतो आणि मुख्य पात्रांमध्ये कृष्णवर्णीय कोणी नाहीच. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या तिसऱ्या भागात (१९८२) आधी मरतं ते दुकानवालं गोरं जोडपं, अली नावाचा कृष्णवर्णीय बायकर थेट शेवटाकडे मरतो, खुनी जेसनवर धावून जाताना. १९९७ च्या 'स्क्रीम २'ची सुरुवात मात्र कृष्णवर्णीय जोडप्याच्या खुनानं होते, ते खरंय. पण मला जास्त लागतं ते हे, की ८०च्या दशकातल्या स्लॅशरमध्ये कृष्णवर्णीयांना रोलच मुळात फार कमी होते, आणि मरण्याच्या नंबरावर वाद घालताना ते राहूनच जातं.