ट्रकचा मागचा एक्सल रेसच्या गाडीला लावण्याआधी

आमचं वर्कशॉप हिंगणघाटजवळ, राष्ट्रीय महामार्ग 44 वर. ट्रकचं डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, खोलणं हे रोजचंच काम. हल्ली मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवणारी पोरं येतात आणि म्हणतात, "भाऊ, कारचा शाफ्ट टिकत नाही, ट्रकचा एक्सलच टाकून द्या." आम्ही टाकून देतो. पण आधी हे वाचा.

हा एक्सल घ्यायचा तो फुल फ्लोटिंग असतो म्हणून. साध्या एक्सलमध्ये शाफ्ट चाकही फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हबच्या दोन बेअरिंगांवरून थेट हाउसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या पोकळ नळीवर) येतं आणि शाफ्टला फक्त फिरायचं काम उरतं. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. भरधाव गाडीत बसलेल्या पोराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

आता रेशो. शंकरपटाची जोडी वेगळी, नांगराची वेगळी. ट्रकचा क्राउन-पिनियन, म्हणजे डिफ्रन्शियलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, नांगराच्या जातीची: वेग कमी, ओढ जास्त. रेशो 6 असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या) 6 फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. इंजिन 6000 आरपीएमला, टॉप गिअर डायरेक्ट (रेशो 1), टायरचा घेर 2 मीटर धरला तर गाडीचा वेग ताशी 120 किलोमीटरवर अडतो. रेशो 4 केला तर 180. मात्र छोट्या मातीच्या ट्रॅकवर 120 सुद्धा क्वचित लागतात. तिथे जुना क्राउन राहू द्या, पैसे वाचवा.

हाउसिंग रुंद असतं, ते कापून आखूड करावं लागतं. बेअरिंगच्या बैठकींमधून सरळ बार घालून, समोरासमोर टाके मारत, थांबत थांबत वेल्डिंग करतो. सलग वेल्ड मारला की उष्णतेने ट्यूब ओढली जाते. सुरुवातीच्या एका कामात आम्ही घाई केली आणि ते हाउसिंग भंगारात गेलं. म्हणून आता या कामाला "उद्या देतो" म्हणत नाही.

हाउसिंग आखूड झालं की शाफ्टही आखूड लागतो, पण तो मधून कापून जोडून मागू नका. तसं काम आम्ही कितीही पैसे दिले तरी करणार नाही. शाफ्ट ईएन 24 पोलादाचा नवा, हीट ट्रीटमेंट केलेलाच लावतो.

वजनाचंही ऐका. हा एक्सल जड आहे आणि ते वजन पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) खाली येतं. खड्ड्यावर चाक उडतं ते लवकर टेकत नाही, पकड जाते. इंजिन साधं असेल तर ट्रकचा एक्सल लावूच नका. हे आम्ही गिऱ्हाईक परत पाठवूनही सांगतो.

आपल्याकडच्या उन्हात आणि काळ्या मातीच्या धुळीत ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) बुजतो, आतली तापलेली हवा कोंडते आणि सीलमधून तेल येतं. ब्रीदरला नळी लावून ती वर बांधून देतो. पहिल्या रेसनंतर तेल बदलायला या. त्यात लोखंडाचा चुरा दिसला तर क्राउनचे दात तिथेच तपासू.

हे काम फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये अडकतो. येताना टायरचा साइज, दोन्ही चाकांमधलं अंतर आणि टॉप गिअरचा रेशो लिहून आणा.