दाखल क्रमांक घेऊन कपाटापाशी जाऊ नका

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, पुस्तक 'उपलब्ध' दिसतं, पण कपाटात सापडत नाही. प्रकल्पांच्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात ही तक्रार सतत ऐकू येते. मुलांच्या हातातली चिठ्ठी पाहिली की बहुतेकदा कारण कळतं. तिच्यावर १८४५२ असा दाखल क्रमांक असतो आणि वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक, लिहिलेलाच नसतो.

दाखल क्रमांक सगळ्यांच्या ओळखीचा. पुस्तक आलं की नोंदवहीत ज्या क्रमाने चढतं, तो. एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच वेगळे क्रमांक. देवघेव, दंड आणि वार्षिक मोजणीसाठी तो लागतो. कपाटातल्या जागेशी त्याचा संबंध नाही.

जागा ठरते वर्गांकावरून, आणि पाचही प्रतींचा वर्गांक एकच. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत तो ड्युई दशांश पद्धतीचा असतो: मराठी साहित्य ८९१.४६, त्यातल्या कादंबऱ्या ८९१.४६३. त्याखाली बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. दोन्ही मिळून बोधांक. चिठ्ठीवर पूर्ण बोधांक लिहा. ८९१.४६३ एवढंच लिहिलंत तर सगळ्या कादंबऱ्या चाळत बसाल.

इथे खरी गफलत होते ती दशांशाची. ३३८.०९ हे ३३८.१ च्या आधी येतं आणि ३३८.१७३६१ हे ३३८.२ च्या आधी. टिंबानंतर एकेक अंक डावीकडून ताडून पाहायचा. 'सतरा हजार' असं वाचून पुढच्या कपाटाकडे गेलात की पुस्तक मागेच राहिलं.

शिवाय वर्गांक विषयाची बाजू बघतो. सहकारी साखर कारखान्यांवर लिहायचंय? सहकार ३३४ मध्ये, उसाची लागवड ६३३.६१ मध्ये, साखर तयार करण्याचं तंत्र ६६४.१ मध्ये. तीन कपाटं, कदाचित दोन मजले. एका ठिकाणी दोन पुस्तकं मिळाली म्हणून परत फिरू नका. आणि योग्य जागी पोहोचलात की शेजारची दहा-बारा पुस्तकंही उघडून अनुक्रमणिका बघा. ओपॅकवर न सुचलेलं पुस्तक तिथेच मिळतं. छापील ग्रंथालयाची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय हीच.

स्क्रीनचा फोटो काढून आणण्याची सवय सोडा, असं मी आग्रहाने सांगेन. फोटोत प्रतींचा तक्ता येतो, त्यातले दाखल क्रमांक येतात आणि बोधांक नेमका कापला जातो. कागदावर बोधांक, लेखक, शीर्षक लिहा. पुस्तक बंदिस्त विभागात, म्हणजे वाचकांना स्वतः कपाटापाशी जाता येत नाही अशा ठिकाणी, असेल तर मागणीपत्रावरही हेच आधी लिहा. वाचून झालेलं पुस्तक अंदाजाने कपाटात खोचू नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या मोजणीपर्यंत कुणालाच मिळत नाही.

आणि कृपा करून संदर्भसूचीत यातला एकही आकडा घालू नका. तिथे लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक आणि स्थळ पुरे.