फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातील रुग्णांचे हक्क व जबाबदाऱ्या (महाराष्ट्र)

फॅमिली डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला कायदा, वैद्यकीय आचारसंहिता आणि न्यायालयांचे निवाडे यांतून मिळणारे संरक्षण, तसेच उपचार नीट व्हावेत यासाठी तिने पाळावयाची बंधने, यांचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रात खाटा असलेली खासगी रुग्णालये व प्रसूतिगृहे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. मात्र बाह्यरुग्ण तपासणारा एका-दोन खोल्यांचा दवाखाना या कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही राज्याने स्वीकारलेला नाही. सनद भिंतीवर नाही म्हणजे हक्कही नाहीत, असा समज त्यामुळे पसरतो. तो चुकीचा आहे. हे हक्क मुख्यतः डॉक्टरांच्या नोंदणीबरोबर येतात.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता लागू आहे. २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. या संहितेनुसार डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर व पावतीवर छापलेला असला पाहिजे. फी उपचारापूर्वी सांगावी, औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देऊ-घेऊ नये, असेही ती सांगते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या १७ हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा, औषधाचे दुकान वा प्रयोगशाळा स्वतः निवडण्याचा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क नमूद आहे.

डॉक्टर कोणत्या पद्धतीचे आहेत, हे जाणून घेण्याचा हक्क महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण गल्लीतला दवाखाना अनेकदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) पदवीधरांचा असतो आणि त्यांची नोंदणी व आचारसंहिता वेगळ्या परिषदांकडे असते. मुंबईतल्या पूनम वर्मा खटल्यात एका होमिओपॅथी डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली होती. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यातली औषधे देणे हाच निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले. पुढे २०१४ मध्ये राज्याने ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगी देणारी दुरुस्ती केली. तिच्यावरचा वाद शमलेला नाही.

सर्वांत दुर्लक्षित हक्क कागदाचा आहे. संहितेतील तीन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन दाखल रुग्णांपुरते आहे, त्यामुळे बाह्यरुग्णाच्या बाबतीत हातातली चिठ्ठी हाच बहुधा एकमेव पुरावा असतो. नोंदी ठेवलेल्या असतील आणि रुग्णाने मागितल्या, तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. प्रत्यक्षात कितीतरी दवाखान्यांत कंपाउंडर पांढरी, गुलाबी आणि अर्धी पिवळी गोळी कागदाच्या पुड्यांत बांधून ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ एवढेच सांगतो. रात्री अंगावर पित्त उठले, तर कोणत्या गोळीने, हे दुसऱ्या डॉक्टरांना कळायला मार्ग राहत नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यास दुकानाचा परवाना लागत नाही, पण १९४५ च्या औषध नियमांनी त्या सवलतीला अटी घातल्या आहेत: औषध परवानाधारकाकडूनच खरेदी करावे, आणि चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत वेष्टनावर डॉक्टरांचे नाव व मात्रा लिहून नोंदवहीत नोंद करावी. म्हणून पुडीतल्या गोळ्यांची नावे लिहून मागणे हा उद्धटपणा नव्हे. ती मागणी प्रत्येक रुग्णाने केलीच पाहिजे.

रुग्ण स्वीकारायचा की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. आणीबाणीत मात्र नकार देता येत नाही, आणि एकदा उपचार सुरू केल्यावर पुरेशी सूचना न देता रुग्णाला सोडता येत नाही. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाच्या पुण्यातील उपचारांवरून उद्भवलेल्या जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण घ्यावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही बाबतींत वाजवी काळजी. गोपनीयतेचे बंधन कुटुंबातल्या इतरांसमोरही लागू असते. एकाच डॉक्टरांकडे सासू, सून आणि नणंद जात असतील, तर एकीचा आजार दुसरीला सांगण्याचा अधिकार त्यांना नाही, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. क्षयरोगासारख्या आजारांची सरकारी यंत्रणेला माहिती देणे हा कायद्याने घातलेला अपवाद आहे.

रुग्णाची पहिली जबाबदारी खरे आणि पूर्ण सांगण्याची आहे. आधीचे आजार, ॲलर्जी, गरोदरपण, दारू-तंबाखू, आणि विशेषतः घरगुती काढे, चूर्णे वा दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या लपवल्यास अचूक औषधही घातक ठरू शकते. ‘एक सुई मारा’ किंवा ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरणे, प्रतिजैविके मध्येच सोडणे आणि आपली जुनी चिठ्ठी शेजाऱ्याला देणे यांतून होणारे नुकसान केवळ एका घरापुरते राहत नाही. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते, तरी चिठ्ठीशिवाय ती मागणारे ग्राहक आहेतच. रजेसाठी खोटा दाखला मागू नये, कारण तो दिल्यास डॉक्टरांची नोंदणी जाऊ शकते. गर्भलिंगाची विचारणा तर करूच नये. दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी आल्यापासून फोनवर वा व्हॉट्सॲपवर सल्ला देता येतो, पण प्रत्यक्ष तपासणी हवी असे डॉक्टर म्हणाले, तर जाणे भाग आहे. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवरील हिंसेला २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे.

तक्रार असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. गैरवर्तनाबाबत ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि इतरांविरुद्ध त्यांच्या परिषदेकडे अर्ज करता येतो. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, कारण फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले आहे. तेथे तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तिच्यासोबत चिठ्ठ्या, पावत्या व तपासण्यांचे अहवाल जोडावे लागतात.